लॉकरमधले जुने दागिने घरीच कसे साफ करायचे? सोनं, चांदी, मोती सगळं मिक्स आहे

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आणि सासूबाईंनी लॉकरमधून सगळं काढून आणलंय, त्यांचे पण आणि आजेसासूबाईंचे पण दागिने, आणि डबा उघडला तर एकेकाचा अवतार बघवत नाही. सोन्याच्या पाटल्या आणि ठुशी मळकट दिसतायत, ठुशीच्या मण्यांच्या फटीत काहीतरी काळं चिकट बसलंय, बोरमाळ आणि कोल्हापुरी साज निस्तेज झालेत, मोत्याची नथ आणि तन्मणी पिवळट, आणि चांदीचे पैंजण तर काळेकुट्ट. त्यात भर म्हणून माझे स्वतःचे ऑक्सिडाइज्डचे झुमके आणि एक ग्रॅमवाला हार.

सराफांना विचारलं तर म्हणाले चार दिवस ठेवून जा, आणि सासूबाई म्हणतात दागिना नजरेआड ठेवायचा नाही, पॉलिशला टाकला की सोनं कमीच होऊन येतं. हे खरं आहे का ते पण सांगा. यूट्यूबवर बघायला गेले तर कोणी टूथपेस्ट म्हणतं, कोणी लिंबू आणि सोडा, एक बाई तर टोमॅटो सॉस लावत होत्या, मी बंदच केलं. घरात रिठे, शिकेकाई, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, चिंच, पितांबरी, भांडी घासायचं लिक्विड एवढं सगळं आहे. कशाला काय वापरू?

मृण्मयी_ठाणे

रिठे आहेत ना घरात मग बाकी काही नको. आमच्याकडे आई अजून रिठ्यानेच करते. पाच सहा रिठे फोडून बिया काढून टाकायच्या, सालं रात्री कोमट पाण्यात भिजत घालायची, सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळून घ्यायचं. छान फेस येतो. त्यात सोन्याचं घालून ठेवायचं अर्धा तास आणि मग मऊ ब्रशने, म्हणजे लहान मुलांचा टूथब्रश असतो ना तो, हळूहळू घासायचं. पाटल्या बघ कशा होतात ते.

फक्त एक, बेसिनमध्ये धुवू नकोस गं!! पातेल्यात धू आणि पाणी ओतताना चहाच्या गाळणीतून ओत. फिरकी, छोटी कडी, नथीचा मोती, काय सुटून जाईल सांगता येत नाही आणि गेलं की पाइप उघडायला प्लंबर.

बिनधास्त_बाळ्या

एवढा कुटाणा कशाला, कोलगेट लावा, ब्रशने घासा, दोन मिनिटांत चकाचक. मी माझी चेन अशीच करतो कधीपासून. काय झालं नाही अजून.

अवली_आजी

बाळ्या तुझी चेन आरशासमोर नको, खिडकीत उन्हात धरून बघ एकदा, मग बोलू 😄

गुजरीकर

कोल्हापूरचा आहे, घरात सोनारकाम आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, सगळे विचारतात सोन्याला काय लावू आणि चांदीला काय लावू. तसं बघायचंच नाही. धातूला फारसं काही होत नाही हो, दागिना कशाने धरून ठेवलाय ते बघायचं. आत लाख आहे का, दोऱ्यात ओवलंय का, खडा चिकटवलाय का काट्यांत बसवलाय, वरती मुलामा आहे का. नुकसान होतं ते तिथे होतं.

आता ताईंची यादी घेतो. पाटल्या भरीव असतील तर त्यांना काहीच भीती नाही, रिठ्याचं पाणी किंवा कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड, झालं काम. सोनं काळं पडत नाही, त्याच्यावर आपल्या अंगाचा तेलकटपणा, साबण, पावडर, घाम ह्याचा थर बसतो तो काढायचा असतो. 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्के सोनं, उरलेलं तांबं चांदी वगैरे, थोडी काळसर झाक येते ती त्या उरलेल्यामुळे. तेलकट थर साबणानेच निघतो, लिंबू चिंच काही लागत नाही.

ठुशी पण तशीच पण ती भिजत घालू नका. मण्यांच्या मागे दोरा असतो, गोंडा असतो, तो पाणी पितो आणि आतून कुजतो. ब्रश रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा, आणि मण्यांच्या फटीतून फिरवायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं. ते काळं चिकट आहे ना ते बहुतेक पावडर आणि घाम आणि खोबरेल तेल ह्यांचं मिश्रण आहे, एकदम निघणार नाही, दोन तीनदा करा. टाचणीने कोरायला जाऊ नका.

बोरमाळ आणि साज. इथे हात जोडून सांगतो, गरम पाणी अजिबात नाही. बोरमाळेचा मणी म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. साजातली पानं पण तशीच, लाख भरलेली. लाख सत्तरेक अंशाला मऊ व्हायला लागते, आणि गॅसवरून उतरवलेलं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. एकदा लाख पातळ झाली की भोकातून बाहेर येते, मणी पोकळ राहतो आणि बोटाने दाबला तरी चेपतो. आमच्याकडे येतात असे मणी, कुणीतरी उकळत्या पाण्यात साबण घालून टाकलेले असतात. ओल्या मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा, आणि हेअर ड्रायर दाखवू नका. उन्हात पण वाळत टाकू नका.

टूथपेस्टचं. सोनं मऊ असतं, आणि पेस्टमध्ये दात घासायला खरखरीत पूड घातलेली असते, बऱ्याच पेस्टमध्ये सिलिका असते म्हणजे वाळूचाच प्रकार. चमकतं ते घासून वरचा थर गेला म्हणून. बारीक ओरखडे पडतात आणि नंतर त्याच ओरखड्यांत मळ जास्त बसतो. रांगोळीने चांदी घासतात लोक, तिथे पण हेच. राखेचं पण तेच, फक्त चाळलेली असली तर जरा कमी.

आणि सोनं कमी होतं का ह्या प्रश्नाचं उत्तर, हो, बफवर घेतलं तर थोडं जातं. मोटरवर कापडी चाक फिरतं त्याच्यावर दागिना धरला की चमक येते ती वरचं सोनं घासूनच येते. ते हवेत जात नाही, खाली पडतं, म्हणून तर आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दुकानातला केर पण विकला जातो, झारेकरी लोक तो घेऊन धुवून त्यातलं सोनं काढतात. पण नुसतं धुवून द्या, बफ नको, असं सांगता येतं, बरेच जण सांगतच नाहीत. आणि ठेवताना वजन लिहून घ्यायचं, घेताना परत वजन करायचं, दोन्ही वेळा काटा तुमच्या समोर. हॉलमार्कचा दागिना असेल तर त्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तो उतरवून ठेवा, परत येताना तोच आहे का बघा. जुन्या दागिन्यांवर नसणार, ते हॉलमार्क सक्तीचं झालं 2021 च्या जूनपासून आणि सहा अक्षरीच हवा असा नियम आला 2023 च्या एप्रिलपासून.

अवली_आजी

गुजरीकर, मोत्यांचं राहिलं की हो.

माझ्या सासूबाई नथ तांदळाच्या पिठीत घोळवून ठेवायच्या रात्रभर आणि सकाळी मलमलच्या फडक्याने पुसायच्या. पिठी तेल ओढते, एवढंच. पण तारेच्या वेढ्यात पिठी अडकली तर ती नीट झटकून काढायची नाहीतर पावसाळ्यात बुरशी. मी आता पिठी वगैरे करत नाही, फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळते आणि एकेक मोती पुसते. लिंबू, चिंच, व्हिनेगर ह्यातलं काहीही मोत्याच्या खोलीत सुद्धा नको! मोती म्हणजे शिंपल्याचाच प्रकार, चुनखडीच ती, आंबट लागलं की वरची झळाळी खाऊन टाकते आणि गेलेली परत येत नाही. पोवळ्याचं पण तसंच.

आणि तन्मणी भिजवू नकोस. सर रेशमी दोऱ्यात ओवलेले असतात, ओले झाले की दोरा ताणतो, मग दोन मोत्यांच्या मधे दोरा दिसायला लागतो. पुसून झाला की टॉवेलवर आडवा ठेव, खुंटीला लटकवून वाळवू नकोस. आजेसासूबाईंचा आहे म्हणतेस तर घालायच्या आधी दोरा बघ, लॉकरमध्ये इतकी वर्षं पडून दोरा जीर्ण होतो, हळदीकुंकवाला वाकून ओटी भरताना तुटला तर मोती सोफ्याखाली शोधत बसशील. पटवेकऱ्याकडून नवीन दोऱ्यात ओवून घे, त्यांच्यासमोर बसून होतं ते काम.

पिवळट पडलाय तो जुना बसरा मोती, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती असेल तर थोडा पिवळेपणा त्याचा जन्मजात असतो, पांढराशुभ्र करायला जाऊ नकोस.

रसायनमास्तर

पैंजणांचं मी सांगतो, माझा आवडता प्रयोग आहे, नववी दहावीच्या मुलांना दरवर्षी दाखवतो.

चांदी काळी पडते ती गंजून नाही. हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो थोडा, त्यातलं गंधक चांदीला चिकटून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तो काळा थर. आता पितांबरी किंवा पावडरने घासलं की हा थर निघतो, पण त्या थरात चांदी पण आहे ना, ती पण बेसिनमधून जाते. (शिवाय पितांबरी तांब्यापितळेसाठी असते, नाजूक दागिन्याला ती कशाला.) त्याऐवजी असं करायचं, स्टीलचं नको, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या, तळाला पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल चकचकीत बाजू वर करून पसरा, त्यावर पैंजण असे ठेवा की फॉइलला टेकतील, वरून लिटरभर कडक गरम पाणी आणि त्यात दोन तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा. सोडा टाकताना फसफसतं, जरा बेताने टाका. सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, येतोय म्हणजे होतंय. अॅल्युमिनियमला गंधकाची ओढ चांदीपेक्षा जास्त, ते गंधक फॉइलकडे जातं आणि चांदी जागच्या जागी परत चांदी होते. घासायचं काही नाही आणि वजन पण जात नाही. पाच दहा मिनिटांनी काढा, साध्या पाण्यात धुवा, पुसा. फार काळं असेल तर नवीन फॉइल घेऊन परत.

चकचकीत बाजू खाली गेली तरी चालतं खरं तर, सवयीने लिहिलं.

चैत्रपालवी

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी. मास्तर, पैंजण केले!! खरंच वास आला आणि मुलगा धावत स्वयंपाकघरात आला काय जळलं विचारत. घुंगरांच्या आतलं थोडं काळं राहिलंय पण वरून एकदम पांढरे झाले, सासूबाई दोनदा विचारून गेल्या खरंच पावडर नाही ना लावलीस.

आता त्याच पाण्यात ऑक्सिडाइज्ड झुमके टाकू का? ते पण चांदीचेच आहेत.

रसायनमास्तर

नको नको थांबा!! त्यांचा काळेपणा मुद्दाम दिलेला असतो, गंधकाच्याच द्रावणात बुडवून. फॉइलच्या पाण्याला मुद्दाम दिलेला काळेपणा आणि आपोआप आलेला काळेपणा ह्यातला फरक कळत नाही, सगळं नेईल आणि झुमके पांढरेफटक होतील. कोरड्या फडक्याने वरचे उंचवटे तेवढे पुसा, खाचा तशाच राहू द्या.

घुंगरांत राहिलं तर आत पाणी पोचलं नाही, पुढच्या वेळी भांड्यात हलवत राहा. आणि हो, ते पाणी झाडांना घालू नका, ओतून द्या.

मृण्मयी_ठाणे

एक ग्रॅमवाल्या हाराला पाणीच लावू नकोस, मुलामा असतो तो, मायक्रॉनमध्ये मोजायचा. घालून झाला की कोरड्या सुती फडक्याने पुसून लगेच डबीत. आणि सेंट मारायचा तो दागिने घालायच्या आधी, नंतर नाही. मोत्यांना पण हेच.

भटक्या_डोंबिवली

विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो, सासूबाईंना पण वाचून दाखवा. दुपारी दारावर दोन माणसं येतात, पितळेची भांडी फुकट चकचकीत करून दाखवतात, कंपनीचा प्रचार आहे म्हणतात, मग म्हणतात काकू बांगड्या पण द्या, पाटल्या पण द्या. आमच्याच सोसायटीत एका काकूंच्या बांगड्या घेतल्या, एका डब्यात कसल्यातरी पाण्यात बुडवल्या, हळद टाकली, वरून म्हणाले कुकरमध्ये शिटी घ्या आणि थंड झाल्यावरच उघडा. कुकर थंड होईपर्यंत गडी पसार. एक तर अदलाबदल करतात नाहीतर ते पाणी म्हणजे अॅसिड असतं. पोलिसात तक्रार दिली पण हाती काही लागलं नाही.

रसायनमास्तर

अम्लराज म्हणतात त्याला, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक. एकेकट्या अॅसिडला सोनं दाद देत नाही, दोन्ही मिळून विरघळवतात. बांगडी बाहेर येते ती चकाकतेच, म्हणून तेव्हा कळत नाही, वजन केल्यावर कळतं. सोनं त्या पाण्यातच असतं, नंतर ते काढून घेतात. म्हणून पाण्याचा डबा घेऊन गेले की सोनं घेऊन गेले.

बिनधास्त_बाळ्या

आजी, बघितली चेन उन्हात. काही बोलत नाही आता.

पण एक सिरियस प्रश्न, बायकोच्या सोन्याच्या अंगठीवर पांढरा डाग पडलाय, चांदीसारखा, रिठ्याने पण जात नाही आणि साबणाने पण जात नाही. खोटं सोनं दिलं का काय?

गुजरीकर

खोटं नसेल हो. घरात थर्मामीटर फुटला होता का? पारा सोन्याला लागला की लगेच चिकटतो आणि पांढरा डाग पडतो. काही गोरं करायच्या क्रीममध्ये पण पारा सापडतो, ती लावत असतील तर पहिल्यांदा ती क्रीम फेकून द्या, अंगठीपेक्षा ते महत्त्वाचं. कुणी सांगेल गॅसवर तापवा, जातो डाग. जातो हे खरं, पण पाऱ्याची वाफ नाकात जाते आणि ती विषारी असते, घरी बिलकुल करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा, बाकी दागिन्यांत मिसळू नका नाहीतर त्यांना पण लागेल, आणि सोनाराला काय आहे ते आधी सांगून द्या.

चैत्रपालवी

किती माहिती मिळाली. पाटल्या रिठ्याने झाल्या, ठुशी अजून चालू आहे, नथ पुसून ठेवली. तन्मणी उद्या पटवेकऱ्यांकडे नेतोय, सासूबाई बरोबर येऊन समोर बसणार आहेत 😀

शेवटचे दोन प्रश्न. परत ठेवताना कसं ठेवू म्हणजे पुढच्या वर्षी हाच प्रकार नको? आणि बोरमाळेचे दोन मणी आधीच चेपलेले निघाले, मी काही केलं नाही देवाशपथ, ते दुरुस्त होतात का?

अवली_आजी

ठेवायचं माझ्याकडून घे. सोनं सराफांच्या गुलाबी कागदात, एकेक वेगळं, पाटली पाटलीवर घासू द्यायची नाही. चांदी हवा काढून झिपच्या पिशवीत, आत फळ्यावर लिहायच्या खडूचा तुकडा किंवा बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी. रबरबँड गुंडाळू नकोस, रबरात गंधक असतं, जिथे लागेल तिथे काळी रेघ. मोती मात्र प्लॅस्टिकमध्ये कोंडायचे नाहीत, त्यांना थोडी हवा आणि दमटपणा लागतो, मलमलच्या पिशवीत ठेव आणि पुडी त्यात टाकू नकोस. आणि वर्षातून दोन तीनदा घाल गं, मंगळागौर आहे, संक्रांत आहे, अंगावर राहिले की मोती चांगले राहतात, घालून झाले की पुसायचे तेवढं विसरू नकोस.

गुजरीकर

मणी होतात दुरुस्त. लाख काढून, पत्रा आतून उचलून, परत लाख भरून देतात, पण हे काम जमणारे कारागीर आता कमी राहिलेत, कुठल्याही दुकानात टाकू नका, लाखेचं काम स्वतः करता का पुढे पाठवता ते विचारा. पत्रा फार झिजला असेल तर चीर जाते, मग मणी नवीन करावा लागतो.

आणि वजनाचं नीट ऐका. बोरमाळ काट्यावर ठेवली की लाखेसकट वजन येतं, त्यात सोनं किती हे काटा सांगत नाही. दुरुस्तीला देताना त्या दोन मण्यांची लाख तुमच्यासमोर काढायला सांगा, नुसत्या पत्र्याचं वजन वेगळं लिहून घ्या आणि पूर्ण माळेचं लाखेसकट वेगळं. परत घेताना लाख भरायच्या आधी एकदा जाऊन पत्र्याचं वजन बघून या. नवीन लाख थोडी जास्त भरली तर एकूण वजन जुळतं आणि सोनं कमी झालेलं कुणाच्या लक्षात पण येत नाही.